पागनीस सरांचा श्वास

उज्जैनला जाऊन आले असं म्हटलं की सांगलीत समोरचा माणूस आपोआप उजवा हात पुढे करतो. प्रसादासाठी. या वेळी सगळ्यांचे हात मी रिकामेच परत पाठवले. त्या गावात इतके दिवस राहून मी महाकाळाचं दर्शन घेतलं नाही, क्षिप्रेत पाय बुडवला नाही, घाटावरची आरतीही पाहिली नाही. "मग गेलात तरी कशाला?" शेजारच्या बाईंनी विचारलं. ते असं दारात उभं राहून थोडक्यात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

गेले होते परीक्षेला. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना पर्यटन घडतं ते असं: परगावच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक म्हणून जायचं, दोन दिवस मुलांना छळायचं, त्यांच्या प्राध्यापकांनी आणलेला फराळ खायचा आणि जमलं तर गाव बघायचं. उज्जैन मला बघायचं नव्हतंच, ते पाठ आहे. वडील बँकेत होते, त्यांची बदली तिकडे झाली आणि माझं एम.एस्सी. आणि पीएच.डी. दोन्ही तिथंच झालं, पागनीस सरांच्या हाताखाली. सरांना भेटायचं म्हणून मी परीक्षा घेतली, असं म्हटलं तरी चालेल.

आधीच सांगते, मी भित्री आहे. गॅस बंद केला का हे पाहायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी. घरात माझी चेष्टा होते, पण ज्यांनी प्रयोगशाळेत जन्म काढलाय त्यांना विचारा. कुठल्या बाटलीत काय निघेल आणि कुठला मुलगा कशात काय ओतेल, याचा नेम नसतो. आम्ही दुधानं पोळलो नाही तरी ताक फुंकून पितो. सर याला अपवाद. ते कशालाच भीत नसत, आणि म्हणून मी त्यांच्या वाटचंही भिऊन घेत असे.

देवास गेट

इंदूरहून येणारी बस उज्जैनच्या देवास गेट स्टँडला थांबली. उतरते तर समोरच, उसाच्या रसवाल्याकडून मागून आणलेल्या स्टुलावर, पंचाहत्तरी उलटलेले पागनीस सर विजेच्या खांबाला मिठी मारून उभे. पांढरा बुशशर्ट, खांद्याला शबनम पिशवी, वर ताणलेला हात. खालून रिक्षा जात होत्या, बस मागे येत होत्या. 

"सर! पडाल!"

"अरे, कुंदा! आलीस? थांब, ही नळी काढून घेतो जरा."

रसवाला माझ्याकडं पाहून हसला. "माट्साब का तो रोज का है, मैडम. हम बोलते हैं, हम उतार देंगे, पण सुनते नी."

नळी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण सरांचं सगळं आयुष्य त्या नळीत आहे. बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी. एक टोक उघडं, दुसऱ्या टोकाला झाकण, झाकणाच्या आत रसायन लावलेली बारीक जाळी. हवेत नायट्रोजन डायऑक्साइड नावाचा वायू असतो, गाड्यांच्या धुरातून येतो, भट्ट्यांतून येतो. तो आपल्या पायानं नळीत शिरतो आणि जाळीला चिकटतो. काही आठवड्यांनी नळी उतरवायची, प्रयोगशाळेत जाळीला रंग आणायचा, रंगावरून वायू मोजायचा. वीज नको, पंप नको. हवेत तो वायू अगदी चिमूटभर असतो आणि सरांनी जन्मभर ती चिमूट मोजली. देवास गेटच्या खांबावर, घाटावर, फ्रीगंजात, भैरवगढला कापड छापणाऱ्या छिप्यांच्या गच्चीवर. सिंहस्थाच्या गर्दीत मोजली, दिवाळीच्या धुरात मोजली. बाहेरून बोलावणी आली तेव्हा म्हणाले, माझी हवा इथं आहे. निवृत्त झाल्यावर विद्यापीठानं खोली परत घेतली, तर नळ्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवायला लागले, दह्याच्या वरच्या कप्प्यात.

सरांचे पूर्वज शिंद्यांच्या पागेबरोबर माळव्यात आले, तेव्हापासून घराणं तिथलंच. घोडे गेले, स्कूटर आली, सरांची तिच्यावरची मांड मात्र तीच. मी मागे बसले ती जीव मुठीत धरून. भर चौकात सर मान वळवून माझ्याशी बोलत होते.

"समोर बघा ना, सर."

"समोरचे बघून राहिलेत ना मला. तू काय परेशान होते?"

घरी काकू दारातच उभ्या होत्या. त्यांच्या हातचे पोहे खायला मी सांगलीहून उपाशी जायला तयार असते. आपल्याकडं पोहे फोडणीत परततात, वर खोबरं-कोथिंबीर. तिकडं ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेवर गरम राहतात, त्यात बडीशेप, वर मूठभर शेव, कच्चा कांदा आणि जिरावन नावाचा आंबट-तिखट मसाला. आणि बशीच्या कडेला गरम जिलबी. पहिल्यांदा हे पाहून माझ्या आईनं नाक मुरडलं होतं. पुढं तीच बदलीचा कागद आला तेव्हा जिरावनचे दोन डबे बांधून घेऊन निघाली.

"खा पोटभर," काकू म्हणाल्या. "आणि यांना जरा समजव. ह्या वयात खांब्यांवर चढून राहिलेत. माझं तर ऐकतच नाही."

"भित्रा केमिस्ट शंभर वर्षं जगतो," सर जिलबी मोडत म्हणाले, "पण शोध एक लावत नाही. विचार कुंदाला."

मी हसले. तीस वर्षं मी सरांच्या प्रत्येक बोलण्यावर हसत आलेय किंवा मान डोलावत आलेय. 'नाही' हा शब्द मी त्यांना कधी म्हटलेला नाही.

प्रॅक्टिकल

परीक्षेत सांगण्यासारखं फारसं नाही, एक गोष्ट सोडून. बाहेरच्या परीक्षकाचा थाट मात्र सांगायला हवा. सगळ्यांत चांगली खुर्ची त्याची, पंखा त्याच्या बाजूला वळवलेला, आणि दर तासाला चहा. त्यानं काही विचारलं तर विभागप्रमुखसुद्धा मध्ये बोलत नाही. लहानपणी शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा हेडमास्तर जसे उभे राहत, तसं सगळं खातं उभं असतं. मला या थाटाचीही भीतीच वाटते. आपण काही चुकीचं विचारलं तर कोणी सांगणारही नाही.

सर मला पोचवायला आले आणि बाहेर शिपायाच्या बाकावर बसून राहिले. आत येणारा-जाणारा प्रत्येक माणूस वाकून त्यांच्या पाया पडत होता. तिथले निम्मे प्राध्यापक त्यांचे विद्यार्थी.

आत एका मुलीनं परीक्षानळीत क्षार घेतला, तांब्याचे कीस टाकले, तीव्र आम्ल घातलं आणि तापवलं. नळीत तपकिरी धूर उठला. नायट्रेटची खूण, म्हणजे सरांचा तोच नायट्रोजन डायऑक्साइड. तिनं नळी नाकाजवळ नेली आणि हातानं धूर नाकाकडं वळवला. मी खुर्चीतून अशी उठले की चहा सांडला.

"दूर धर! दूर!"

"मैम, हमको ऐसे ही सिखाया है. पागनीस सर ने हमारे सर को सिखाया, उन्होंने हमको."

खरं होतं ते. सरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना नाकानं वायू ओळखायला शिकवलंय. मी तिला व्हायवात तोच प्रश्न विचारला जो सर आम्हाला विचारत: हा वायू नाकाला फारसा झोंबत नाही, मग हा अमोनियापेक्षा बरा की वाईट? पोरगी गोंधळली. तिचे सर हळूच म्हणाले, "मैडम, थोड़ा आसान पूछिए." उत्तर मी तिला सांगितलं नाही, कारण परीक्षा होती. ते पुढं येईलच.

भैरवगढ

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भैरवगढला निघालो. गावाच्या टोकाला, नदीच्या अंगाला हा भाग. तिथं छिपे लाकडी ठशांनी कापडावर छपाई करतात, चादरी, ओढण्या, साड्या. काळा, कत्थई, लाल हे रंग तिथल्या वाळत घातलेल्या कापडांवरून डोळ्यांत शिरतात. युसूफभाई छिप्यांच्या गच्चीवर सरांची एक नळी कित्येक वर्षं टांगलेली असते, ती बदलायची होती.

वाटेत एक पत्र्याची शेड लागते. तिथं देवाची पितळी भांडी उजळतात, गडवे, घंटा, समया. दुकानांत विकायला जायच्या आधी त्यांना आम्लाच्या टाकीत बुचकळून काढलं की सोन्यासारखी झळाळी येते. आम्ही वळणावर आलो आणि शेडच्या दारातून तपकिरी धूर बाहेर लोळताना दिसला. परीक्षानळीतला तोच धूर, दाराच्या आकाराचा.

माणसं सगळी बाहेर उभी होती. सर स्कूटर थांबवून उतरले. मालक म्हणाला, "कुछ नी, माट्साब. तार टूट गया, टोकरी पूरी तेजाब में गिर गई. सब बाहर हैं. थोड़ी देर में अपने आप बैठ जायगा."

"पितळ आत असेपर्यंत कसं बसेल?" सर मला म्हणाले. "पितळ बाहेर काढलं की रिअ‍ॅक्शन बंद. शेजारी घरं आहेत, हवा तिकडं चाललीय."

बरोबरच होतं. रसायनशास्त्र अगदी बरोबर होतं. मी म्हणत होते की माणसांना लांब करा, शेजारची दारं बंद करायला सांगा, अग्निशमनवाल्यांना फोन करा. एवढं म्हणेपर्यंत सरांनी शबनममधलं उपरणं ओलं करून तोंडाला लावलं आणि आत गेले.

मी ओरडले. बाकीचेही ओरडले. मी दारापर्यंत गेले आणि थांबले, कारण पाय पुढं पडेनात. भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी जिला भीती म्हणत होते ती नुसती काळजी होती. धुरात सरांचा पाठमोरा आकार दिसत होता. त्यांनी लोखंडी आकड्यानं टोपली टाकीच्या काठावर ओढली, ती कलंडली, भांडी खणखणत जमिनीवर सांडली. झालं, आता येतील बाहेर. आणि मग सरांनी शबनममध्ये हात घातला.

त्यांनी नळी काढली. उघड्या टोकाचं बूच काढलं, खिशात ठेवलं. टाचा उंच करून, भिंतीवर खिळा शोधून, शांतपणे, देवास गेटच्या खांबावर लावतात तशी ती नळी टांगली. नीट सरळ आहे का पाहिलं. मग बाहेर आले.

 हे दुसरं कोणी केलं असतं? पितळ उजळणारा पळाला, मालक पळाला, रस्त्यावरचं कुत्रंही पळालं. जन्मभर चिमूट मोजणाऱ्या माणसाला पहिल्यांदा त्या वायूचा ढीग भेटला, आणि तो मोजल्याशिवाय त्याला निघवेना. ती नळी त्या ढिगात केव्हाच भरून निकामी झाली असणार, हे मला कळत होतं आणि सरांना माझ्या आधी कळायला हवं होतं.

"श्वास धरला होता मी," सर म्हणाले. डोळे जरा लाल, बाकी चेहरा हसरा. "बघ, खोकलासुद्धा नाही."

"पूर्ण वेळ धरला होता?"

"एखादा घेतला असेल. चल, युसूफ वाट बघून राहिला असेल."

आता ते उत्तर सांगते, जे मी त्या मुलीला सांगितलं नाही. अमोनिया पाण्यात लगेच विरघळतो, म्हणून नाकातच, घशातच झोंबतो आणि माणूस पळून जातो. नायट्रोजन डायऑक्साइड तसा विरघळत नाही. तो नाकाला आणि घशाला फसवून फुप्फुसाच्या तळाशी जातो आणि तिथल्या ओलीत हळूहळू आम्ल तयार करतो. माणूस घरी जातो, जेवतो, गप्पा मारतो. काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू लागतं आणि तो कोरड्या जमिनीवर बुडतो. त्या मधल्या वेळात श्रम केले तर आणखी वाईट. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, पागनीस सरांनी शिकवलं, फळ्यावर फुप्फुस काढून.

"सर, आपण हॉस्पिटलला जाऊ."

"कशाला? मला काय झालंय?"

"अजून नाही झालं. म्हणूनच."

"कुंदा," ते स्कूटरला किक मारत म्हणाले, "तू घाबरून घाबरून एक दिवस मरशील." आणि मी मागे बसले. नाही म्हणायची सवय नव्हती ना. सगळा रस्ता मी त्यांच्या पाठीला हात लावून बसले होते, बरगड्या कशा वर-खाली होतात ते पाहत.

युसूफभाई साठीचे, बोटं रंगानं काळी झालेली. त्यांनी खाट टाकली, चहा मागवला, शेडचं ऐकून कानाला हात लावला. मी त्यांना काही सांगणार तेवढ्यात सर गच्चीच्या जिन्याकडं निघालेसुद्धा. उभा, लोखंडी जिना. मी जाऊन त्याच्या पहिल्या पायरीवर बसले.

"ऊठ."

"नाही, सर."

त्या खोलीत चार माणसं कापडावर ठसे मारत होती. ठप, ठप, ठप. ते थांबलं. सरांचा चेहरा तांबडा झाला. "तू मला शिकवणार? मी तुला नायट्रोजनची स्पेलिंग शिकवलीय!"

 रडू येत होतं. मग जे सुचलं ते आमच्या धंद्यातलंच होतं.

"सर, मी एक्सटर्नल आहे. गाव सोडेपर्यंत एक्सटर्नलच आहे. बसा, तुमची व्हायवा घ्यायचीय."

युसूफभाईंना वाटलं थट्टा चाललीय, पण त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. सर बसले. का बसले ते मला आजही सांगता येत नाही. चाळीस वर्षं ज्या माणसानं एक्सटर्नलपुढं मुलं उभी केली, त्याला एक्सटर्नलपुढं उठून जाणं जमलं नसावं.

"नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात लवकर विरघळतो का?"

"नाही."

"म्हणजे नाकाला, घशाला?"

"फारसा त्रास नाही."

"मग कुठं जातो?"

"खाली." सरांचा आवाज जरा उतरला. "अल्व्हिओलायपर्यंत. तिथं आम्ल होतं."

"लक्षणं कधी दिसतात?"

 युसूफभाई एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहत होते.

"सर, उत्तर?"

"काही तासांनी."

"आणि तोपर्यंत पेशंट कसा असतो?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ठणठणीत," ते म्हणाले. मग युसूफभाईंकडं वळले. "युसूफ, रिक्शा बुलवा दे यार. ये लड़की पास नहीं करेगी मुझे."

हॉस्पिटल

ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं छाती तपासली, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, एक्स-रे काढला. सगळं छान. "अंकल एकदम फिट हैं. घर जाइए, आराम कीजिए."

मी हात जोडले. वायूचं नाव सांगितलं, सगळं सांगितलं, बहुतेक दोनदा सांगितलं. ती चिडली नाही, हे तिचे उपकार. तिनं बाहेर जाऊन मोठ्या डॉक्टरांना फोन केला आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. "सर बोल रहे हैं, कल तक कहीं नहीं जाना है. बिस्तर से उठना भी नहीं." मी तिथंच स्टुलावर बसले.

काकू डबा घेऊन आल्या त्या माझ्यावरच उखडल्या. "सकाळी चांगले धडधाकट घेऊन गेली आणि इथं आणून झोपवले! काय झालं काय यांना?"

"काही नाही झालं," सर पलंगावरून म्हणाले. "व्हायवात नापास झालो."

दुपार गेली. सरांनी डब्यातले दाल-बाफले खाल्ले. तूप ओतलेले ते कणकेचे गोळे, दवाखान्यात खाण्याची वस्तू नव्हे, पण कोण सांगणार. वॉर्डातल्या दोघांना त्यांनी ओझोनवर व्याख्यान दिलं. काकू स्वेटर विणत होत्या आणि मधूनमधून माझ्याकडं असं बघत होत्या की मला जमिनीत जावंसं वाटे. संध्याकाळ व्हायला आली तरी काही नाही. आणि तेव्हा माझ्या मनात आलेला विचार मी इथं लिहितेय, लाज वाटते तरी: काहीतरी थोडं होऊ दे, म्हणजे माझं म्हणणं खोटं तरी पडणार नाही.  मी मनातल्या मनात माफी मागितली, कोणाची ते माहीत नाही. खिडकीतून देवळाच्या शिखराचा कळस दिसत होता.

सर सिंहस्थातल्या कुठल्याशा बाबाची गोष्ट सांगत होते. त्याच्या धुनीजवळ यांनी नळी टांगली आणि बाबानं ती जडीबुटी समजून... सर थांबले. श्वास घेतला. "समजून गळ्यात..." परत थांबले.

काकू हसत होत्या. पुढच्या वाक्याची वाट पाहत होत्या. मला मात्र वाक्य मोडलेलं ऐकू आलं. सर अशा जागी कधी थांबत नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांनाही ते कळलेलं होतं.

मी धावले. पुढचं सगळं भराभर झालं. खोकला, तोंडाशी गुलाबी फेस, बोटाच्या चिमट्यावरचा आकडा खाली खाली. पलंग उचलून बसता केला, मास्क लावला, सुया टोचल्या, मोठे डॉक्टर धावत आले. काकूंच्या हातातून विणकाम पडलं ते कोणी उचललं नाही. सरांच्या नाकपुड्या फुलत होत्या, मानेच्या शिरा ताणत होत्या, प्रत्येक श्वास विहिरीतून काढल्यासारखा. पडदा ओढायच्या आधी त्यांनी मास्क बाजूला केला आणि माझं मनगट धरलं.

"कुंदा. भीती वाटतेय गं."

आयुष्यभर या माणसाच्या वाटचं मी भ्यायले. आता त्यांचं त्यांना वाटत होतं. धीर देता आला नाही. "मलाही, सर," एवढंच म्हटलं आणि त्यांचा मास्क नीट बसवला.

काकूंनी रात्रभर माझा हात सोडला नाही. सकाळी मोठे डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाले, "घर पर होते तो नहीं बचते." काकू त्यांच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडं वळल्या, मला जवळ घेतलं आणि लहान मुलीसारख्या हुंदक्यांनी रडल्या.

परत

मला निघावं लागलं. सर तेव्हा साध्या वॉर्डात आले होते, थकलेले, पण चहाला नावं ठेवण्याइतके बरे. काकूंनी शेव-जिरावन बांधून दिलं. दारात विचारलं, "आता तर काही भीती नाही ना गं?"

मी म्हटलं, "नाही, काकू."

खोटं बोलले. या वायूचं आणखी एक असतं. माणूस बरा होतो, घरी जातो, आणि काही आठवड्यांनी दम दुसऱ्यांदा गाठतो. या वेळी फुप्फुसाच्या बारीक नळ्या आतून बुजत जातात. सगळ्यांनाच होतं असं नाही. डॉक्टरांना माहीत आहे, औषध चालू आहे. मला माहीत आहे. सरांना तर आहेच. काकूंना आम्ही दोघांनीही सांगितलेलं नाही, आणि निरोप घेताना सर माझ्याकडं पाहून एकदा हळूच मान हलवत म्हणाले होते, "तिला नको."

म्हणून हे मी अजून त्या आठवड्यांच्या आत बसूनच लिहितेय. रोज सकाळी सरांचा फोन येतो. आधी मी करायचे, आता त्यांनीच वेळ ठरवून टाकलीय. ते उज्जैनची हवा सांगतात, मी सांगलीची. ते काय सांगतात याकडं माझं लक्ष नसतं. मी डोळे मिटून दोन शब्दांच्या मधलं ऐकते. परवा ते 'नमस्कार' नंतर जरा थांबले, तर माझ्या हातातलं दुधाचं पातेलं ओट्यावर उपडं झालं. निघालं इतकंच की काकूंनी समोर औषध धरलं होतं.

आज त्यांचा फोन आला तोच चढ्या आवाजात. मी चोरून काकूंनाही फोन करते, रात्री किती उशांवर झोपले, जिना चढताना थांबले का, असलं सगळं विचारते, ते त्यांना कळलं होतं. मी काय परीक्षानळी आहे का, म्हणाले, की कोणीही उठून मला उजेडात धरून बघावं, आणि तू सांगलीत बसून माझ्या उशा मोजतेस, तुला पीएच.डी. मी काय यासाठी दिली, आणि ती बिचारी आता माझ्या मागे मागे जिन्यावर येते, तिचे गुडघे दुखतात, त्याचं पाप कोणाच्या माथी, आणि पुन्हा असं केलंस तर मी फोनच उचलणार नाही, बिलकुल उचलणार नाही, समजलं का तुला.

एका दमात. सगळं एका दमात, कुठंही न थांबता. मी भिंतीला टेकून खाली बसले.

"ऐकून राहिली का तू?" सर म्हणाले.

"हो सर," मी म्हटलं. "अजून थोडं रागवा ना."